शाळेच्या कपाटातले गाणे भंगारात घालू नका

वाचकहो, गावच्या हायस्कुलातले अडगळीचे कपाट कधी उघडून पाहिलेत काय? पिवळ्या पडलेल्या वह्या, चौकोनी फ्लॉप्या, एखादी कॅसेट निघेल. "भंगार आहे, निर्लेखन करून टाकू," असे कोणी म्हणाले तर जरा थांबवा. त्यात एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर बसवलेले गाणे असू शकते.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' योजनेत देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. पुढे पीसी आले, त्यांच्यावर जीडब्ल्यू-बेसिक आले. दोन्हींची भाषा बेसिकच, आणि 'साऊंड' हा हुकूम दोन्हींत होता. पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर किंवा आजच्या यंत्रावर तसाच घातला, तर चालत नाही, नाहीतर भलतेच वाजते.

आकडे म्हणजे सूर

वहीत 'साऊंड १, -१५, ८९, २०' असे दिसले तर घाबरू नका. तो बीबीसीचा हुकूम आहे. पहिला आकडा चॅनेलचा, दुसरा आवाजाचा (-१५ म्हणजे सर्वांत मोठा), तिसरा सुराचा आणि चौथा वेळेचा. वेळेचे २० म्हणजे एक सेकंद.

भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला जवळ बसवा. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ५३. तिला सा धरले तर रे ६१, ग ६९, म ७३, प ८१, ध ८९, नी ९७ आणि वरचा सा १०१. दर सप्तकाला ४८ वाढवायचे.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये मात्र दोनच आकडे लागतात. पहिला सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा, दुसरा वेळेचा. तिथे एक सेकंद म्हणजे १८.२. म्हणून वरची ओळ तिथे 'साऊंड ४४०, १८.२' अशी लिहावी लागते. ८९ तसेच ठेवले तर ध ऐवजी नुसती घरघर ऐकू येईल.

गाणे धावते का?

दोन सुरांत थांबण्यासाठी अनेकजण यंत्राला नुसते एक ते हजार मोजायला लावीत. आता सांगा, बैलगाडीच्या चाकाचे हजार फेरे आणि जीपच्या चाकाचे हजार फेरे यांना सारखाच वेळ लागेल काय? नवा संगणक डोळ्याचे पाते लवण्याआधी मोजून मोकळा होतो आणि गाण्याचा ताल जातो. तिथे मोजणी काढून घड्याळ लावा. बीबीसीत 'टाइम' सेकंदाचे शंभरावे भाग मोजतो, जीडब्ल्यू-बेसिकमध्ये 'टाइमर' सेकंद देतो.

एवढे करा

वहीची पाने मोबाईलवर फोटो काढून ठेवा. फ्लॉपी जाणकाराकडून वाचून घ्या. तिची चुंबकी पट्टी वर्षागणिक खराब होत जाते. जीडब्ल्यू-बेसिकची फाईल साध्या एडिटरमध्ये उघडली तर अगम्य अक्षरे दिसतात. ती जीडब्ल्यू-बेसिकमध्येच उघडून 'सेव्ह' करताना नावापुढे स्वल्पविराम आणि 'ए' द्या, म्हणजे वाचता येईल.

बदल न करता ऐकायचे असेल तर जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. बीबीसीसाठी बीबएम, जीडब्ल्यू-बेसिकसाठी पीसी-बेसिक. आधी तिथे मूळ चाल आणि लय ऐका, मगच दुरुस्तीला हात घाला. मूळ प्रत मात्र कधीही खोडू नका.

मुख्याध्यापक आणि शाळा समितीच्या सदस्यांना एकच विनंती. निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी ते कपाट एकदा स्वतः उघडून पाहा. यंत्र गेले तर नवे आणता येते, वहीतली चाल परत मिळत नाही.