टीस: कठीण खडकावरून खाडीपर्यंत

उत्तर इंग्लंडमधील पेनाइन डोंगररांगेचे सर्वोच्च शिखर म्हणजे 893 मीटर उंचीचे क्रॉस फेल. त्याच्या पूर्व उतारावरील पाणथळ माळावर टीस नदी उगम पावते आणि सुमारे 137 किलोमीटर वाहून उत्तर समुद्राला मिळते. उगमाकडच्या माळावर अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, म्हणजे पीटचे, जाड थर आहेत. त्यातून झिरपलेल्या पाण्याला कोऱ्या चहासारखा तांबूस रंग येतो.

नदीचा वरचा प्रवाह घडवला तो ‘व्हिन सिल’ या खडकाने. सुमारे 29.5 कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस जुन्या चुनखडी, वाळूखडक आणि शेल यांच्या थरांमध्ये शिरला व जमिनीखालीच थिजून कठीण डोलेराइट बनला. कॉल्ड्रन स्नाउट येथे नदी याच खडकाच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरते, तर हाय फोर्स येथे 21 मीटर खाली कोसळते. तेथे डोलेराइट वर आणि मऊ थर खाली आहेत. पाणी खालचे थर पोखरते, आधार सुटलेला वरचा खडक ढासळतो आणि धबधबा हळूहळू उगमाच्या दिशेने मागे सरकतो. पुढ्यातली अरुंद घळ याच माघारीतून तयार झाली आहे.

शिलारसाच्या उष्णतेने आसपासची चुनखडी भाजून साखरेसारखी रवाळ झाली. त्या मातीत स्प्रिंग जेन्शनसारख्या दुर्मीळ वनस्पती हिमयुगानंतरच्या काळापासून टिकून आहेत. टीसकाठच्या कारखान्यांना पाणी पुरवण्यासाठी 1971 मध्ये काउ ग्रीन जलाशय पूर्ण झाला. वनस्पतिशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध करूनही या अनमोल अधिवासाचा काही भाग कायमचा पाण्याखाली गेला. पूर्वी डोंगरात मोठा पाऊस झाला की पाण्याची भिंतच खोऱ्यातून धावत येई. त्या लोंढ्याला या धरणाने बराच लगाम घातला.

मिडल्टन आणि बार्नार्ड कॅसलनंतर खोरे रुंदावते. ल्यून, बाल्डर आणि ग्रेटा या उपनद्या येऊन मिळतात. यार्म गाव तर नदीच्या मोठ्या वळणाच्या कुशीतच वसले आहे.

स्टॉकटनपासून पुढे मात्र माणसाने नदीला आपल्या सोयीने वळवले. जहाजांचा वळसा वाचावा म्हणून 1810 आणि 1831 मध्ये कालवे खोदून पात्र सरळ केले गेले. 1995 मध्ये बांधलेल्या बंधाऱ्यामुळे भरतीचे खारे पाणी आता त्याच्या वर चढत नाही. रासायनिक आणि पोलाद कारखान्यांच्या सांडपाण्याने मलिन झालेली खाडी अलीकडच्या दशकांत बरीच सुधारली असून सील सँड्सच्या चिखलपट्ट्यांवर सील पुन्हा पिल्ले देऊ लागले आहेत. मुखाच्या दक्षिणेला साउथ गेअर हा लांब धक्का समुद्रात शिरलेला आहे. 1888 मध्ये पूर्ण झालेल्या या धक्क्यासाठी लोखंडाच्या भट्ट्यांतून निघालेली मळी वापरली होती.