सुरवंटांचा पिंजरा : जाळी, ऊन आणि काही गैरसमज

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं आणि जरा निरखून पाहिलं, तर ते पुढे सरकतं. लाइम किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराचा तो लहान सुरवंट असतो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर पान रिकामं. पाल, कोळी, गांधीलमाशी, मुंग्या, बुलबुल, यांपैकी कुणीतरी त्याचा फडशा पाडलेला असतो. पुढच्या वेळी तरी सुरवंट वाचवायचा असं ठरतं आणि घडीचा जाळीदार पिंजरा मागवला जातो. तारेच्या लवचिक सांगाड्यावर ताणलेली पॉलिएस्टरची जाळी, एका बाजूला चेन, काम झालं की दाबून चपटा करून कपाटात.

वस्तू साधी असली तरी तिच्याभोवती बरेच गैरसमज आहेत. पिंजरा बाहेरचा शत्रू अडवतो हे खरं. पण आत गर्दी, घाण आणि उष्णता साठवण्याचं कामही तोच करतो. म्हणून निवड करताना दोन्ही बाजूंचा हिशोब मांडावा लागतो.

गैरसमज १ : पिंजरा जितका मोठा, तितके जास्त सुरवंट वाढवता येतात.

वस्तुस्थिती : सुरवंटांची संख्या पिंजऱ्याच्या मापावर नाही, पाल्यावर आणि साफसफाईवर ठरते. सुरवंट आयुष्यभरात जेवढं खातो, त्यातला बहुतांश भाग तो शेवटच्या अवस्थेत खातो. पहिला आठवडा कढीपत्त्याला फारसा फरक पडलेला दिसत नाही. नंतर मात्र चार-पाच मोठे सुरवंट कुंडीतलं लहान झाड बघता बघता बोडकं करतात. जितकं खाणं तितकी विष्ठा. दमट हवेत तिला बुरशी येते. दाटीवाटीत विषाणूंचे रोगही झपाट्याने पसरतात. रोगी सुरवंट खाणं सोडतो, काळवंडतो, लुळा पडून लोंबकळतो, आणि त्याच्या अंगातून गळणारा द्रव पडलेली पानं इतरांनी खाल्ली की त्यांनाही लागण होते. रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरसारख्या जातींचे सुरवंट तर पानं खाताना स्वतःच्याच जातीची अंडीही खाऊन टाकतात.

अमेरिकेत मोनार्क फुलपाखरं घरोघरी वाढवण्याची मोठी हौस आहे. तिथेही गर्दीत वाढवलेल्या मोनार्कांमध्ये एका परजीवीचा फैलाव होतो, म्हणून मोठ्या संख्येने पैदास करू नका असा सल्ला झर्सीस सोसायटी ही कीटक-संवर्धनाची संस्था देते.

पिंजऱ्याची उंची मात्र महत्त्वाची, आणि तिचं कारण वेगळं आहे. कोषातून बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख ओले आणि चुरगळलेले असतात. ते खाली मोकळे सोडून त्याला लटकता आलं नाही, तर पंख वाकडेच वाळतात आणि मग ते कधीच उडू शकत नाही. २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेल्या ब्लू मॉर्मनच्या, म्हणजे राणी पाकोळीच्या, पंखांचा पसारा १२ ते १५ सेंटिमीटर असतो. तिचे सुरवंटही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. साधारण दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पिंजऱ्यात लहान कुंडी बसते, वर लटकायला जागा उरते आणि कोपऱ्यापर्यंत हात पोचतो. घरगुती हौसेला एवढं पुरे.

गैरसमज २ : जाळी ती जाळी, घरातली कुठलीही चालेल.

वस्तुस्थिती : खिडकीला लावतात ती धातूची जाळी खरखरीत असते, तिच्यावर आपटून पंख फाटतात. जुनी मच्छरदाणी कापून वापरायची असेल, तर आधी ती औषधी नाही ना याची खात्री करा. औषधी मच्छरदाणीच्या धाग्यातच कीटकनाशक असतं, आणि ते डास आणि सुरवंट असा भेद करत नाही.

भोकांचा आकार हा आणखी एक मुद्दा. मच्छरदाणीतून पाल किंवा गांधीलमाशी आत शिरत नाही, पण ट्रायकोग्रामा शिरते. ऊस-कापसाच्या शेतकऱ्यांना ट्रायकोकार्डामुळे माहीत असलेली ही परजीवी गांधीलमाशी एक मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. अंड्यांपासून सुरुवात करायची असेल, तर ऑर्गंझासारखं तलम विणीचं कापड बरं. त्याची पिशवी शिवून झाडाच्या फांदीवरच चढवली आणि देठाशी सुतळीने घट्ट बांधली, तर वेगळ्या पिंजऱ्याचीही गरज उरत नाही. फांदीवरची पानं संपली की पिशवी दुसऱ्या फांदीवर न्यायची.

गैरसमज ३ : एकदा जाळीत गेला की सुरवंट सुरक्षित.

वस्तुस्थिती : बऱ्याचदा शत्रू सुरवंटाच्या पोटातूनच आत आलेला असतो. परजीवी माश्या आणि गांधीलमाश्या बाहेर असतानाच सुरवंटावर किंवा त्याच्या अंगात अंडी घालून गेलेल्या असतात. मग एके दिवशी फुलपाखराऐवजी पांढऱ्या अळ्या बाहेर पडतात. त्यात पिंजऱ्याचा दोष नसतो. सुरवंट आत आणायला उशीर झालेला असतो.

मुंग्यांवर जुनाच उपाय चालतो. फडताळाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, तशाच पिंजऱ्याच्या स्टुलाखाली ठेवाव्यात. पिंजरा भिंतीला किंवा वेलीला टेकू देऊ नये, नाहीतर मुंग्यांना आयता पूल मिळतो. बाल्कनीत डासांची कॉइल किंवा लिक्विडचं मशीन लावत असाल, तर पिंजरा तिथून हलवाच. धूर आणि वाफ जाळीने अडत नाहीत.

गैरसमज ४ : फुलपाखरांना ऊन आवडतं, म्हणून पिंजरा उन्हात ठेवावा.

वस्तुस्थिती : ऊन लागतं ते उडणाऱ्या फुलपाखराला. झाडावरचा सुरवंट ऊन वाढलं की पानाआड जातो. पिंजऱ्यात त्याला तेवढी मोकळीक नसते. काही पिंजऱ्यांना आतलं दिसावं म्हणून एका बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक असतं. फोटोला छान, पण दुपारच्या उन्हात त्याच बाजूने आत वाफ कोंडते. चारही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा घ्यावा. प्लॅस्टिक असेलच, तर ती बाजू उन्हाकडे करू नये. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर उजेडाची सावली अशी जागा उत्तम.

पावसाळ्यात वेगळीच काळजी. ज्याचं तळाचं कापड पाणी धरून ठेवतं, तो पिंजरा पागोळीखाली नको. हलका पिंजरा वाऱ्याने कुंडीसकट कलंडतो. तळाशी विटा ठेवाव्यात किंवा वरची कडी दोरीने बांधून घ्यावी.

गैरसमज ५ : दार काय, एक चेन असली की झालं.

वस्तुस्थिती : कोषात जाण्याआधी सुरवंट खाणं थांबवतो, पातळ विष्ठा टाकतो आणि जागा शोधत पिंजराभर भटकतो. त्याने चेनवरच कोष केला, तर दार उघडताना तो तुटण्याची भीती असते. आणि लाइमचा कोष आठ-दहा दिवसांत उमलला नाही, तर कधी सुप्तावस्थेत जाऊन कित्येक आठवडे तसाच राहतो. तोवर बाकीच्यांना खाऊ घालायचं कुठून? म्हणून दोन बाजूंनी उघडणारा पिंजरा घ्यावा. तळाशी कागद अंथरून रोज बदलावा, म्हणजे साफसफाई सोपी होते.

गैरसमज ६ : पाला कुठलाही चालतो, बाजारातला कढीपत्ताही.

वस्तुस्थिती : लाइमचा सुरवंट लिंबू, कढीपत्ता, बेल यांवर वाढतो, प्लेन टायगरचा रुईवर, टेल्ड जेचा आसुपालव किंवा सीताफळावर, कॉमन कॅस्टरचा एरंडावर. अदलाबदल केली, तर पानासमोर उपाशी मरेल पण खाणार नाही. बाजारातल्या कढीपत्त्यावर आणि नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपावर फवारणी झालेली असू शकते. पाला आपल्या, औषध न मारलेल्या झाडाचाच असावा. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवत असाल, तर बाटलीचं तोंड कापसाने बुजवा. नाहीतर सुरवंट देठावरून खाली उतरतो आणि बुडून मरतो.

गैरसमज ७ : फुलपाखरू झालं की फुलं ठेवून ते काही दिवस आतच पाहावं.

वस्तुस्थिती : कोषाखाली पडलेले लालसर थेंब पाहून मुलं घाबरतात, पण ते रक्त नसतं, कोषाच्या काळात साठलेला मळ असतो. काही तासांत पंख ताठ होतात आणि फुलपाखरू जाळीवर धडका मारू लागतं. तेव्हा पिंजऱ्याचं काम संपलेलं असतं. पाऊस नाही अशा वेळी, दिवसाउजेडी दार उघडून द्यावं.

गैरसमज ८ : पिंजऱ्यात वाढवून सोडली की परिसरातली फुलपाखरं वाढतात.

वस्तुस्थिती : लाइम काही दुर्मीळ नाही, विदर्भातल्या संत्रा बागायतदारांच्या लेखी त्याचा सुरवंट ही कीडच आहे. जी फुलपाखरं खरोखर दुर्मीळ आहेत, त्यांतल्या अनेकांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं संरक्षण आहे. त्यांना हौसेखातर पिंजऱ्यात घालता येत नाही. ओळख न पटलेला सुरवंट झाडावरच राहू द्यावा.

फुलपाखरं टिकतात ती सुरवंटांच्या झाडांवर आणि मधाच्या फुलांवर. ठाण्याजवळच्या ओवळेकर वाडीत राजेंद्र ओवळेकर यांनी हीच झाडं लावून फुलपाखरू उद्यान उभं केलं. ते उघडंच आहे. फुलपाखरं आपणहून येतात, अंडी घालतात, निघून जातात.

मग पिंजरा घ्यायचा कशाला? पाहण्यासाठी आणि शिकण्यासाठी. अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास मुलांना दाखवायला त्याच्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. पण दुसरा पिंजरा मागवावासा वाटला, तर तेवढ्या पैशांत लिंबाचं एक रोप आणून लावावं. पिंजऱ्यात मावतील चार सुरवंट. लिंबाला पालवी फुटली की माद्या दर वर्षी स्वतःहून अंडी घालायला येतील.