विहिरीतली बुडी आणि मालवणचे स्कूबा डायव्हिंग

उसाचा गळीत हंगाम संपला की पुरुषोत्तमनगर आणि शहादा भागातली बरीच कुटुंबे कोकणात फिरायला जातात. मालवण-तारकर्लीला गेले की स्कूबा डायव्हिंग आलेच. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर लोक किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरतात आणि प्रवाळापर्यंत पोहत जातात. आपल्याकडे मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास होडीने नेतात. शरीरावर होणारा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

"डॉक्टर, मी तर लहानपणापासून विहिरीत बुड्या मारतो, मला काय होणार?" असे तरुण विचारतात. खरी अडचण या सवयीतच आहे.

विहिरीत आपण छातीत हवा भरून, श्वास रोखून खाली जातो. पाण्याच्या दाबाने ती हवा आकसते आणि वर येताना मूळ आकारावर येते, म्हणून फुप्फुसांना इजा होत नाही. सिलिंडर लावल्यावर गणित उलटते. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो आणि तिथे घेतलेला श्वासही त्याच दाबाचा असतो. तो रोखून वर आलात तर ती हवा दुप्पट फुगू पाहते. फुप्फुस फाटू शकते, हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. छाती भरलेली असताना दीड-दोन मीटर वर येणेही त्यासाठी पुरे ठरू शकते. म्हणून घाबरलात तरी श्वास चालू ठेवा आणि प्रशिक्षकाबरोबर सावकाश वर या.

वर आल्यावर काही मिनिटांत छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, बोलताना अडखळणे, एका बाजूचा अशक्तपणा किंवा बेशुद्धी दिसली तर रुग्णाला आडवे झोपवा, होडीवरचा ऑक्सिजन लावा आणि १०८ ला फोन करा. पाण्यात उतरला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

होडीवर आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. पैसे भरलेत म्हणून त्यात खोटे लिहू नका. दमा, फिट्स, हृदयविकार, पूर्वी फुप्फुसाभोवती हवा शिरल्याचा इतिहास, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा गर्भारपण असेल तर उतरू नये. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो सिकलसेलचा. थंडी, दमणूक, शरीरातले पाणी कमी होणे यांमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून सिकलसेलच्या रुग्णांनी डायव्हिंग टाळावे. जे केवळ वाहक आहेत त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे.

पर्यटकांचे उथळ डायव्हिंग थोडा वेळच चालते, त्यामुळे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका कमी. तरीही विमानापूर्वी किमान १२ तास थांबावे. अनेकदा उतरला असाल तर १८ तास. घाट चढतानाही हवेचा दाब कमी होतो, तेव्हा ती रात्र खालीच मुक्काम केलेला बरा.

सर्वाधिक तक्रार मात्र कानाची. उतरताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे ढकला किंवा आवंढा गिळा. दुखू लागले तर थांबा, थोडे वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका. घरी आल्यावर कान दुखत राहिला, ऐकू कमी आले, चक्कर आली किंवा कान वाहू लागला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर कानात कोमट तेल किंवा थेंब घालू नका. पडदा फाटला असेल तर त्याने जंतुसंसर्ग होतो.