ब्लूजचे सहा अल्बम आणि पुसली जाणारी नावं

खानदेशचा कापूस आणि अमेरिकेतल्या मिसिसिपीचा कापूस यांचं नातं जुनं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, तेव्हा गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली आणि खानदेशातल्या कापसाला अचानक भाव आला. युद्ध संपलं, अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने गेली. पण तिथे कापूस वेचणारे काळे हात तेच राहिले. त्याच घरांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे गाणं बाहेर पडलं, ते ब्लूज.

मुक्त झालेली काळी कुटुंबं मळेवाल्याची जमीन वाट्याने कसत. बियाणं, किराणा सगळं उधारीवर. हंगामाच्या शेवटी हिशोब मळेवालाच करायचा आणि बहुतेक वेळा कसणाराच देणेकरी निघायचा. पुरुषोत्तमनगरसारख्या साखर कारखान्याच्या गावात वाढलेल्या तरुणाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. ऊसतोडीची 'उचल' म्हणजे काय हे त्याला ठाऊक असतं.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये दलित पँथरने आपलं नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. राजकारणातला हा धागा आपण अभिमानाने सांगतो, पण त्या लोकांचं गाणं मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. इंग्रजीत 'ब्लू' म्हणजे उदास. आपला निळा रंग स्वाभिमानाचा. ब्लूज ऐकलं की कळतं, त्यातही नुसती उदासी नाही.

ऐकायचं कसं? ब्लूजचा साचा सोपा आहे. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार मात्रांची बारा आवर्तनं झाली की एक कडवं पूर्ण. गायकाची ओळ संपली की गिटार बोलते, जसे आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी 'जी जी' धरतात. शब्द समजले नाहीत तरी हा सवाल-जवाब कानाला लगेच कळतो.

आता सहा अल्बम.

१) बेसी स्मिथ : 'द इसेन्शियल बेसी स्मिथ'

१९२० मध्ये मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' तडाखेबंद खपलं आणि काळा माणूसही तबकडी विकत घेतो हे कंपन्यांना कळलं. मग त्यांनी काळ्या ग्राहकांसाठी वेगळ्या याद्या काढल्या. म्हणजे पैसा चालला, पण यादी वेगळीच राहिली. बेसी स्मिथची पहिली तबकडी १९२३ ची. त्या दशकातली ती सर्वांत मोठी ब्लूज गायिका. १९३७ मध्ये मोटार अपघातानंतर तिचा मृत्यू झाला. तिच्या कबरीवर नावाचा दगड लागायला १९७० साल उजाडलं. तो खर्च गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या ह्वानिटा ग्रीन या दोघींनी केला.

२) रॉबर्ट जॉन्सन : 'किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स' (१९६१)

एक माणूस, एक गिटार. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये त्याने एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. हा अल्बम त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी आला. त्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून कला मिळवली, अशी दंतकथा आजही रंगवून सांगितली जाते. ती आपण तरी पुढे ढकलू नये. आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे तो शिकला आणि त्याने कसून रियाज केला. दबलेल्या समाजातल्या माणसाची मेहनत चमत्काराच्या खाती टाकण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे.

३) मडी वॉटर्स : 'द कम्प्लीट प्लांटेशन रेकॉर्डिंग्ज' (१९९३)

१९४१ मध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हल मळ्यावर अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाचे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन गेले. तिथे मळ्यावर राबणाऱ्या मडी वॉटर्सचा आवाज त्यांनी टिपला. १९४३ मध्ये मडी शिकागोला गेला, हातात विजेवरची गिटार घेतली आणि ब्लूजचा चेहरामोहरा बदलला. या अल्बममध्ये त्याआधीचा मळ्यावरचा मडी आहे, मध्ये त्याच्या मुलाखतीही आहेत. या कामाचं नाव झालं ते लोमॅक्स यांचं. वर्क हे स्वतः काळे अभ्यासक. त्यांचं लेखन पुस्तकरूपाने यायला २००५ साल उजाडलं.

४) बी. बी. किंग : 'लाइव्ह ॲट द रीगल' (१९६५)

शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये नोव्हेंबर १९६४ मध्ये झालेला हा कार्यक्रम. प्रेक्षकांचा ओरडा, टाळ्या आणि दाद हे यातलं अर्धं संगीत आहे. जयंतीच्या रात्री सामना रंगल्यावर मैदान कसं उसळतं हे ज्याने अनुभवलंय, त्याला हा अल्बम पहिल्या मिनिटात आपला वाटेल.

५) बिग मामा थॉर्नटन : 'बिग मामा थॉर्नटन विथ द मडी वॉटर्स ब्लूज बँड'

'हाउंड डॉग' हे गाणं एल्विस प्रेस्लीचं, असं जग समजतं. त्याने ते १९५६ मध्ये गायलं. त्याआधी, १९५२ मध्ये ते पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं बिग मामा थॉर्नटन या काळ्या बाईने. आपल्याला त्याचे जेमतेम ५०० डॉलर मिळाले, असं ती सांगत असे. १९६६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बममध्ये तिचा भरदार आवाज आणि मडीचा संच एकत्र ऐकायला मिळतो.

६) जे. बी. लेनोअर : 'अलाबामा ब्लूज'

ब्लूज म्हणजे फक्त प्रेमभंगाचं रडगाणं, असं म्हणणाऱ्याला हा ऐकवा. १९५४ मध्ये लेनोअरने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचं नाव घेऊन गाणं केलं, तर कंपनीला ते मागे घेऊन दुसऱ्या नावाने काढावं लागलं. १९६५ मध्ये नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना त्याने अलाबामातले अत्याचार आणि व्हिएतनाम युद्ध यांवर गाणी ध्वनिमुद्रित केली. ध्वनिमुद्रण शिकागोत झालं, पण अल्बम निघाला युरोपात. १९६७ मध्ये तो गेला.

सुरुवात बी. बी. किंगपासून करा, मग मडी आणि बिग मामा, आणि शेवटी कान तयार झाल्यावर रॉबर्ट जॉन्सन. हे सगळं आज फोनवर ऐकता येतं, त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

या सहाही अल्बमांमध्ये एक गोष्ट समान आहे. गाणं कुणी गायलं, कधी, कुठे, सोबत कोण वाजवत होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलं. म्हणून बेसीच्या कबरीवर उशिरा का होईना दगड लागला आणि 'हाउंड डॉग'चा मूळ आवाज कुणाचा, हे आज ठामपणे सांगता येतं. जिथे नोंद राहिली नाही तिथे दंतकथा उरली.

आता आपल्याकडे बघा. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, प्रल्हाद शिंदेही त्याच वर्षी. विठ्ठल उमप २०१० मध्ये गेले. खानदेशच्याच प्रतापसिंग बोदडे यांची गाणी डीजेवर दणाणतात, पण नाचणाऱ्या दहा पोरांना गीतकाराचं नाव विचारा, किती सांगतील? नेटवर चढवलेल्या भीमगीतांखाली अनेकदा डीजेचं नाव मोठं असतं आणि लिहिणाऱ्याचं नसतंच. गावोगावच्या भजनी मंडळांतल्या बायाबापड्यांची, ढोलकी-हलगीवाल्यांची तर कुठेच नोंद नाही. घरातल्या जुन्या कॅसेटींना बुरशी लागतेय.

अमेरिकेत ही नोंद ठेवायला ग्रंथालयं आणि विद्यापीठं पुढे आली, तरी जॉन वर्क मागे पडलेच. आपण कुणाची वाट बघायची? पुढच्या १४ एप्रिलला गावातली जुनी माणसं गायला बसली की फोनवर ध्वनिमुद्रण करा. सुरुवातीलाच मोठ्याने बोला : गाव, तारीख, गाणं कुणी लिहिलं, कोण गातंय, ढोलकीवर कोण. कॅसेट असतील तर त्यांची प्रत काढून विहारातल्या संगणकावर ठेवा, आणि कॅसेटच्या वेष्टनाचा फोटोही काढा, कारण बहुतेक नावं तिथेच छापलेली असतात. पुढे कुणाला पाठवाल तर नावांसकट पाठवा.

जय भीम.