गिअरबॉक्स वाचायचा तो गाडीखाली शिरून

१९६९ची शेवरले कॅमारो विकायला निघाली की विकणारा बहुधा दोन गोष्टी सांगतो : गिअरबॉक्स मूळचाच आहे, आणि तो 'रॉक क्रशर' आहे. दुसरी गोष्ट ऐकून जाणकार गालातल्या गालात हसतो आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो.

शंकेला कारण आहे. या गाड्या ड्रॅग स्ट्रिपवर पिळून काढल्या जायच्या. गिअर तुटले की हाताशी येईल तो डबा बसायचा. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटत नसे. आज मूळच्या डब्याने गाडीची किंमत चढते.

जनरल मोटर्सचा हा चार गिअरांचा डबा इंडियाना राज्यातल्या मन्सी शहरात १९६३ ते १९७४ या काळात बनला, म्हणून त्याचं नावही मन्सी. केस अ‍ॅल्युमिनियमची, बाजूच्या झाकणाला सात बोल्ट आणि रिव्हर्सची दांडी मागच्या हाउसिंगवर. नऊ बोल्ट दिसले तर तो बोर्ग-वॉर्नरचा टी-१०. केस बिडाची आणि रिव्हर्सची दांडी बाजूच्या झाकणावरच असेल, तर सॅगिनॉ. फोर्डच्या टॉपलोडरचं झाकण नावाप्रमाणे वरच्या बाजूला.

मन्सीतही तीन भावंडं : एम-२०, एम-२१ आणि एम-२२. शेवटचा तो रॉक क्रशर. त्याच्या गिअरचे दाते कमी तिरके असल्यामुळे तो चालताना घरघरतो, जणू खडी क्रशरच. १९६६नंतरच्या डब्यांत इनपुट शाफ्टवर दोन खाचा म्हणजे एम-२०, एक म्हणजे एम-२१ आणि एकही नाही म्हणजे एम-२२. पण शाफ्ट बदलता येतो, त्यामुळे नुसत्या खाचांवर भरवसा ठेवून चेक फाडू नये.

खरी मौज ठशांत आहे. समजा, केसवर 'पी९डी१५बी' असं ठोकलेलं आहे. पी म्हणजे मन्सी, ९ म्हणजे १९६९, डी म्हणजे एप्रिल, १५ ही तारीख आणि बी म्हणजे एम-२१. महिन्यांची अक्षरं मात्र सरळ चालत नाहीत : मेला ई आणि जूनला थेट एच! शेवटचं अक्षर १९६९पासून आलं. सी असेल तरच रॉक क्रशर. ही तारीख गाडी जुळवण्याच्या थोडी आधीची हवी. डबा गाडीनंतर जन्मलेला निघाला, तर तिथेच बोलणं संपतं.

दुसरा ठसा गाडीच्या क्रमांकाचा. १९६८पासून जनरल मोटर्स तो इंजिन आणि गिअरबॉक्सवर ठोकू लागली. '१९एन' आणि पुढे सहा आकडे : १ म्हणजे शेवरले, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना. पुढचे सहा आकडे डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळायला हवेत.

वॉरंटीत बदलून मिळालेल्या केसवर हा क्रमांक नसे, जागा कोरी. त्या कोऱ्या जागेचा मोह कुणाला तरी होतोच. मग भिंग काढून अक्षरांची उंची, ओळीचा तोल आणि आजूबाजूला घासल्याच्या चकचकीत रेघा न्याहाळाव्या लागतात. पन्नास वर्षांच्या मळकट केसवर तेवढाच तुकडा उजळ दिसला, तर टॉर्च बंद करून बाहेर यावं.