ब्राउझरच्या भिंती शाबूत राहू द्या

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ब्रेव्ह’ या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा-संशोधकांनी एक प्रात्यक्षिक जाहीर केलं. परीक्षेला बसवला होता पर्प्लेक्सिटी कंपनीचा ‘कॉमेट’ हा नवा ब्राउझर. त्यात वापरणाऱ्याच्या वतीने पानं वाचणारा, बटणं दाबणारा, अर्ज भरणारा एआय सहायक असतो. प्रात्यक्षिकातला माणूस रेडिटवरची एक साधी चर्चा उघडतो आणि सहायकाला सांगतो, ‘या पानाचा सारांश दे.’ त्याने केलं ते एवढंच.

त्या चर्चेतल्या एका प्रतिक्रियेत, झाकून ठेवलेल्या मजकुरात, सहायकासाठी सूचना लिहिलेल्या होत्या. सहायकाने पान वाचलं, सूचनाही वाचल्या आणि त्याप्रमाणे तो कामाला लागला. आधी माणसाच्या पर्प्लेक्सिटी खात्यात जाऊन त्याचा ईमेल पत्ता काढला. मग तो पत्ता टाकून नव्याने लॉगिन सुरू केलं, म्हणजे ओटीपी येईल. माणूस जीमेलमध्ये आधीच लॉगिन होता. सहायकाने तिथे जाऊन ओटीपी वाचला. शेवटी पत्ता आणि ओटीपी दोन्ही त्याच रेडिट चर्चेत उत्तर म्हणून टाकून दिले, सूचना लिहिणाऱ्याला दिसतील असे. व्हायरस शिरला नव्हता, पासवर्ड फुटला नव्हता, कुठल्या संशयास्पद लिंकवर क्लिक झालं नव्हतं. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ हे वाक्य आपल्याकडे बँका रोज कानीकपाळी ओरडतात. इथे त्या माणसाने ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता.

ब्रेव्हने ही त्रुटी जाहीर करण्याआधी पर्प्लेक्सिटीला कळवली होती. पण ती एका कंपनीची चूक मानून सोडून देण्यासारखी नाही. आपण ज्या ब्राउझरवर गेली तीस वर्षं निर्धास्त विसंबलो, त्याच्या पायालाच तिने हात घातला आहे. काही ब्राउझर आज एआयला दारातच का अडवून धरताहेत, हे समजून घ्यायचं तर आधी तो पाया बघायला हवा.

१९९५ साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरच्या दुसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट आणली. वेबपानं तोवर नुसती वाचायची होती, आता त्यांच्या आत प्रोग्रॅम चालू लागले. मग प्रश्न आला, एका संकेतस्थळाच्या प्रोग्रॅमने शेजारच्या टॅबमधल्या दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचली तर? उत्तर म्हणून जो नियम आला, त्याला सेम-ओरिजिन पॉलिसी म्हणतात. ज्या पत्त्यावरून पान आलं, त्याच पत्त्याच्या माहितीला त्याने हात लावायचा, दुसऱ्याच्या नाही. एका टॅबमध्ये बँक आणि दुसऱ्यात कुठलंसं भुक्कड जाहिरातबाज संकेतस्थळ उघडं असूनही आपले पैसे जागेवर राहतात, ते या नियमामुळे. पुढे क्रोमने टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवायला सुरुवात केली आणि या भिंती आणखी जाड झाल्या. ब्राउझर बनवणाऱ्यांची कित्येक वर्षांची मेहनत या भिंतींमध्ये ओतलेली आहे. वापरणाऱ्याला ती कधी दिसली नाही, कारण ती नीट काम करत राहिली.

एजंट म्हणून काम करणारा सहायक हा चाळीतल्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा माणूस असतो. तो बँकेत जातो, मेलमध्ये जातो, रेडिटवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी तुमच्याच नावाने, तुमच्याच लॉगिनवर जातो. भिंती जागेवरच असतात, पण त्याला त्या लागू होत नाहीत.

‘मग त्याला पानावरच्या सूचना पाळू नकोस असं बजावून ठेवा’, असं कुणीही म्हणेल. अडचण नेमकी तिथेच आहे. भाषिक प्रारूपाला, म्हणजे लार्ज लँग्वेज मॉडेलला, सगळा मजकूर एकाच प्रवाहात मिळतो. मालकाचा हुकूम आणि पानावरचा मजकूर हे दोन्ही शब्दतुकड्यांच्या एकाच लांबलचक माळेत ओवून आत जातात आणि मॉडेल त्या माळेवरून पुढचा तुकडा कोणता असावा याचं गणित करतं. हा तुकडा आज्ञा आणि तो तुकडा निव्वळ माहिती, अशी पक्की सीमारेषा त्याच्या आत कुठेच नसते. या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलं, म्हणजे चॅटजीपीटी लोकांसमोर येण्याच्याही आधी. डेटाबेसवरचे एसक्यूएल इंजेक्शनचे हल्ले बऱ्याच अंशी आटोक्यात आले, कारण तिथे आज्ञा आणि माहिती वेगवेगळ्या वाटेने पाठवण्याची सोय करता आली. इथे ती सोय अजून कुणाला करता आलेली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलं, की हा दोष पूर्णपणे कधीच जाणार नाही अशी शक्यता आहे. त्याच महिन्यात ओपनएआयनेही आपल्या ‘अ‍ॅटलस’ ब्राउझरबद्दल लिहिताना जवळपास हेच मान्य केलं. म्हणजे बनवणारेच सांगताहेत, की बांध घालता येतील, पण गळती राहणार.

सूचना लपवायच्या जागाही कमी नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रेव्हच्याच संशोधकांनी दाखवलं, की पिवळ्या पार्श्वभूमीवर फिकट निळ्या अक्षरांत लिहिलेला मजकूर माणसाच्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. पण त्या पानाचा स्क्रीनशॉट सहायकाला दिला की तो ती अक्षरं बिनचूक वाचतो आणि आज्ञा समजतो.

एवढं माहीत असूनही २०२५ मध्ये सगळ्यांची धाव या दिशेनेच होती. जुलैमध्ये कॉमेट आला, मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये ‘कोपायलट मोड’ आला, सप्टेंबरमध्ये गूगलने अमेरिकेत क्रोममध्ये जेमिनाय बसवलं, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटलस आला. पर्प्लेक्सिटीने तर क्रोमच विकत घेण्यासाठी साडेचौतीस अब्ज डॉलरची बोली लावली होती. आपल्याकडे एअरटेलने त्याच जुलैमध्ये सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची सशुल्क सेवा वर्षभर फुकट देऊ केली. ही घाई कशासाठी, हे पर्प्लेक्सिटीचे प्रमुख अरविंद श्रीनिवास यांनी एप्रिल २०२५ मधल्या एका पॉडकास्टमध्ये आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. लोक आमच्या अ‍ॅपच्या बाहेर काय करतात तीही माहिती मिळावी, हे ब्राउझर बनवण्याचं एक कारण आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. माणूस काय विकत घेतो, कुठल्या हॉटेलात जातो, कशावर किती वेळ रेंगाळतो, हे सगळं ब्राउझरला दिसतं. चॅटच्या खिडकीला त्यातलं फार थोडं दिसतं.

या धावेत सामील न झालेल्यांमध्ये सगळ्यात ठाम आहे नॉर्वेतल्या ऑस्लोची ‘विवाल्डी’. तिचे प्रमुख यॉन फॉन टेट्सनर हे मूळचे आइसलँडचे. १९९५ साली ‘ऑपेरा’ची कंपनी उभी करणाऱ्या दोघांपैकी ते एक. आज ऑपेरा एजंटवाला ‘निऑन’ ब्राउझर विकते आहे आणि टेट्सनर समोरच्या बाजूला उभे आहेत. विवाल्डीने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगून टाकलं होतं, की ही मॉडेलं पटेल अशा थाटात खोटं बोलतात, म्हणून आम्ही ती ब्राउझरमध्ये घालणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये टेट्सनर यांनी भूमिका आणखी पुढे नेली. सारांश आणि तयार उत्तरं यांच्यामागे लागून माणूस वेबवर हिंडणं, स्वतः पडताळणं, दुसऱ्याचं मत वाचणं सोडून देईल, असं त्यांचं म्हणणं आहे.

या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये ९०० अमेरिकी प्रौढांचा इंटरनेट वापर तपासला. गूगलच्या शोधात वर एआय सारांश दिसला, तेव्हा खालच्या नेहमीच्या दुव्यावर क्लिक झालं ते १०० पैकी ८ वेळा. सारांश नव्हता तेव्हा १५ वेळा. सारांशात ज्या मूळ पानांचे दुवे दिलेले असतात, त्यांवर तर शंभरात एखाद्याच वेळी कुणी गेलं. आता हाच सारांश शोधाच्या पानावरून ब्राउझरच्या कडेला येऊन बसला, तर संकेतस्थळ उघडूनही माणूस ते वाचणार नाही. ज्यांनी पदरमोड करून इंटरनेटवर मराठीत काही उभं केलं, मग तो विकिपीडियावरचा एखाद्या किल्ल्यावरचा लेख असो की कुणाची पाककृतींची नोंदवही, त्यांच्यापर्यंत वाचक पोचणारच नसेल तर पुढचं लिहायचं कुणासाठी? मला या सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. सुरक्षेतल्या त्रुटीवर निदान उपाय शोधणारी माणसं तरी कामाला लागलेली आहेत.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अँथनी एन्झर-डिमेओ यांनी प्रमुखपद घेतलं आणि फायरफॉक्स पुढे ‘आधुनिक एआय ब्राउझर’ होईल असं जाहीर केलं. फायरफॉक्स वापरणारे बरेच जण तो मुद्दाम निवडून वापरतात, मोबाइलसोबत आला म्हणून नाही. ते चांगलेच खवळले. मोझिलाला सगळं एआय एका फटक्यात बंद करणारं बटण देण्याचं वचन द्यावं लागलं आणि फेब्रुवारी २०२६ मधल्या फायरफॉक्स १४८ मध्ये ते आलंही. सेटिंग्जमध्ये एआयसाठी वेगळा विभाग आहे. तिथे सगळं एकदम बंद करता येतं, किंवा भाषांतर, टॅबचे गट, दुव्यांची झलक, कडेचा चॅटबॉट यांतलं हवं ते ठेवता येतं. लोकांनी आवाज उठवला म्हणून हे लवकर आणि ठळकपणे मिळालं, असं माझं मत आहे.

फायरफॉक्सवरच बेतलेला ‘वॉटरफॉक्स’ मात्र वेगळ्या वाटेने गेला. अ‍ॅलेक्स कोंटोस यांनी तो २०११ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी सुरू केला. आपल्या ब्राउझरमध्ये लार्ज लँग्वेज मॉडेल येणार नाही, असं त्यांनी मोझिलाच्या घोषणेनंतर लगेच जाहीर केलं. त्यांनी केलेला भेद मला फार मोलाचा वाटतो. फायरफॉक्समधलं भाषांतर हेही मशीन लर्निंगच आहे. पण ते २०२३ पासून तुमच्याच संगणकावर चालतं, मजकूर बाहेर पाठवत नाही, आणि त्याचं काम एकच, दिलेलं वाक्य दुसऱ्या भाषेत नेणं. ते तुमच्या मेलमध्ये जाऊन ओटीपी वाचू शकत नाही. पीडीएफमधल्या चित्रांचं वर्णन तयार करणारी सोयही अशीच यंत्रावरच चालते आणि दृष्टिहीन वाचकाला ती खरोखर उपयोगी आहे. तेव्हा विरोध करायचा तो सरसकट एआयला नाही. काम कुठे होतं, किती आखलेलं आहे आणि हुकूम कुणाचा चालतो, हे तीन प्रश्न विचारून मगच आत घ्यायचं.

विरोध करणाऱ्यांची एक कमकुवत बाजू सांगायलाच हवी. विवाल्डी, ब्रेव्ह, ऑपेरा, एज हे सगळे गूगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियम या पायावर उभे आहेत. उद्या गूगलने एआय त्या पायात खोलवर मिसळलं, तर ते उपसून काढण्याचं काम छोट्या कंपन्यांना दर आवृत्तीला करत राहावं लागेल. वेगळा पाया असलेले मोठे ब्राउझर दोनच, अ‍ॅपलचा सफारी आणि मोझिलाचा फायरफॉक्स. त्यात मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलच्याच शोधकरारातून येतो.

ब्रेव्ह स्वतः एआयच्या विरोधात नाही; त्याच्याकडे ‘लिओ’ नावाचा सहायक आहे. पण एजंट आणताना त्याने तो वेगळ्या, कोऱ्या प्रोफाइलमध्ये कोंडला, म्हणजे तुमची नेहमीची लॉगिन त्याच्या हाती लागत नाहीत. अ‍ॅटलसमध्येही लॉगिनविना एजंट चालवायची सोय आहे. या सोयी मुळात धोका ओळखूनच दिलेल्या आहेत, तेव्हा त्या पहिल्यापासून चालू असाव्यात आणि किल्ल्या हातात देण्याचा निर्णय माणसाने वेगळा घ्यावा, अशी मागणी वाजवी आहे. आज बऱ्याच ठिकाणी उलट आहे. सोय आधी चालू होते आणि बंद करायचं बटण शोधावं लागतं.

तोवर एक काम प्रत्येकाला आजच करता येईल. बँक, आयकर, डिमॅट आणि ज्या मेलवर ओटीपी येतात ती मेल, यांसाठी एजंट नसलेला ब्राउझर वेगळा ठेवा आणि एजंट वापरायचाच असेल तर जिथे यातलं एकही लॉगिन नाही अशा ब्राउझरमध्ये वापरा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर आणि लॅपटॉपवर काय आपोआप सुरू झालं आहे, तेही एकदा उघडून बघा. या कामाला दहा मिनिटं पुरतात.