भक्ष्य, अभक्ष्य आणि किळस : नळदुर्ग परिसराच्या निमित्ताने

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग हे गाव बोरी नदीकाठच्या किल्ल्यामुळे आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, इ.स. १६१३ मध्ये, बांधलेल्या पाणीमहालामुळे सर्वपरिचित आहे. या परिसराची दुसरी एक ओळख मात्र किल्ला पाहावयास येणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते. काळ्या रंगाची, पुष्कळदा जुळी करडे देणारी आणि मांसासाठी नावाजलेली ‘उस्मानाबादी’ शेळी ही या जिल्ह्याची जात होय. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले. शेळीचे नाव जुनेच राहिले. तुळजाभवानीला नवरात्रात अजबळी दिला जातो, तर आलटून पालटून अणदूर व नळदुर्ग येथे वास्तव्य करणाऱ्या खंडोबाला चंपाषष्ठीस वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य होतो. एकाच घरातील माणसे दोन्ही ठिकाणी हात जोडतात. तिथी बदलली की भक्ष्य व अभक्ष्य यांमधील रेषा सरकते, आणि त्यात कोणासही विसंगती वाटत नाही.

ही रेषा केवळ तिथीप्रमाणे नव्हे, तर शतकाशतकागणिकही सरकत आली आहे. आज या भागात ‘मटण’ म्हटले की शेळी-बोकडाचे मांस एवढाच अर्थ होतो. परंतु येथील माळरानावरचा ससा, तित्तर, लावा इतकेच नव्हे तर माळढोकदेखील एके काळी खाण्यासाठी मारला जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि १९७९ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माळढोक अभयारण्य झाल्यानंतर त्या पक्ष्याकडे कोणी खाद्य म्हणून पाहत नाही. अर्थात, आता पाहण्यास माळढोकच जवळजवळ उरलेला नाही.

आणखी मागे जाऊ. नळदुर्गाहून हैदराबादच्या रस्त्याने उमरग्याच्या पुढे कर्नाटकाच्या हद्दीत गेले की कल्याणी चालुक्यांची राजधानी लागते, आजचे बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात राजाच्या पाकशाळेतील पदार्थांची कृतीसह वर्णने आहेत. रानडुकराचे मांस, रक्त व आतडी यांपासून केलेले पदार्थ, भाजलेले कासव आणि शेतातील काळे उंदीर यांचा त्यात समावेश आहे. उंदीर तापलेल्या तेलात टाकून त्याचे केस कसे काढावेत, हेही राजाने सांगून ठेवले आहे. आज हेच पदार्थ कोणा भटक्या वा दलित कुटुंबाच्या चुलीवर दिसले, तर पाहणारा नाक मुरडील. राजाच्या ताटात असताना त्यांची गणना भोगात झाली होती. पदार्थ तोच राहिला. खाणाऱ्याची प्रतिष्ठा बदलली आणि तिच्याबरोबर किळसही ठरली, असे म्हणावे लागते.

त्या कासवाचा उल्लेख याहूनही जुन्या एका लेखात येतो. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव अशी नावे देऊन, जे चतुष्पाद उपयोगी पडत नाहीत व खाल्लेही जात नाहीत तेही मारू नयेत, असे त्यात म्हटले आहे. ज्याअर्थी बंदी करावी लागली, त्याअर्थी यांतील काही प्राणी तरी त्या काळी मारले जात असले पाहिजेत. पहिल्या शिलालेखात राजा स्वतःच्या पाकशाळेविषयी अधिक स्पष्ट बोलतो : पूर्वी तेथे रोज लक्षावधी प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरिण एवढेच, त्यातही हरिण नित्य नाही, पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. मोराचे मांस सोडणे राजाला सर्वांत जड गेले असावे, असा तर्क करण्याचा मोह होतो. १९६३ पासून मोर आपला राष्ट्रीय पक्षी आहे, हे त्याबरोबर आठवावे.

आता प्रश्न असा की, या सरकत्या रेषेकडे भगवान बुद्धांनी कोणत्या दृष्टीने पाहिले? विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात भिक्खूंना दहा प्रकारची मांसे निषिद्ध केलेली आहेत : मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, सर्प, सिंह, वाघ, चित्ता, अस्वल आणि तरस. ही यादी अनेकांना पाठ असते. तिच्यामागील कारणे मात्र फारशी कोणी वाचत नाही. वाराणसीच्या सुप्पिया उपासिकेने आजारी भिक्खूसाठी स्वतःच्या मांडीचे मांस दिले, त्या प्रसंगाने मनुष्यमांस निषिद्ध झाले. हत्ती व घोडा यांचे मांस दुष्काळात लोक खात होते आणि भिक्खूंनाही देत होते. परंतु ही राजाच्या सैन्याची अंगे, राजाला कळले तर तो प्रसन्न होणार नाही, म्हणून ती वर्ज्य झाली. कुत्रा व सर्प यांच्याविषयी लोकांना घृणा होती. सर्पाच्या बाबतीत नागराजाने येऊन विनंती केल्याचीही कथा आहे. सिंह-वाघादी प्राण्यांचे मांस खाल्लेल्या भिक्खूंवर त्या गंधाने अरण्यातील श्वापदे चालून येत, म्हणून तेही निषिद्ध.

सुप्पियेचा प्रसंग वेगळा ठेवला तर उरलेली कारणे राजाची मर्जी, लोकापवाद व जीविताचे भय ही आहेत. अमुक मांस स्वभावतःच अपवित्र आहे आणि ते खाणाऱ्याचा जन्म विटाळतो, असे कारण यांत कोठेही नाही. याच खन्धकात अस्वल, मासा, डुक्कर, गाढव इत्यादींची चरबी आजाऱ्यास औषध म्हणून घेण्याची अनुज्ञा आहे. अस्वलाचे मांस वर्ज्य असून त्याची चरबी चालते. विटाळाच्या कल्पनेत हे बसत नाही. परिस्थिती पाहून केलेल्या नियमात सहज बसते. वैशालीच्या सीह सेनापतीच्या प्रसंगी त्रिकोटिपरिशुद्धीचा नियम सांगितला गेला. प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला नसावा, ऐकला नसावा आणि तशी शंकाही नसावी. मत्स्यमांस सर्वथा वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी तथागतांनी मान्य केली नाही. सुत्तनिपातातील आमगंधसुत्त तर खरी दुर्गंधी मांसाची नसून दुष्कृत्यांची, असेच प्रतिपादन करते. मात्र येथे कोणी सोयीचा अर्थ काढू नये. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत मांसाचा व्यापार आहेच. आणि लंकावतारसूत्रासारख्या महायान ग्रंथाने पुढे मांसाहाराचा संपूर्ण निषेध केला. बौद्ध परंपरेत या विषयावर एकमत आहे, असे म्हणता येणार नाही.

हे विवेचन मराठवाड्यातील बौद्ध कुटुंबांना दूरचे वाटण्याचे कारण नाही. गावातील मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांच्या गावकीचे काम होते आणि त्या जनावराचे मांस हा जणू त्या कामाचा मोबदला. ते एका दिवसात संपत नसे. म्हणून लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवीत. त्यांनाच चान्या म्हणतात. निखाऱ्यावर भाजलेली चानी आणि ज्वारीची भाकरी यांवर कितीतरी घरांनी टंचाईचे महिने काढले. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाली. ज्या वतनाशी ही कामे बांधलेली होती, त्याचाच प्रश्न तेथे पुढे आला, हे लक्षात घेतले पाहिजे. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण आणि अस्पृश्यतेचा उगम यांचा संबंध मांडला. पूर्वी ब्राह्मणही गोमांस खात होते आणि बौद्ध धम्माशी चाललेल्या स्पर्धेत त्यांनी ते सोडले, हा त्या मांडणीतील महत्त्वाचा धागा आहे.

या त्यागाचा अर्थ नीट समजून घेतला जात नाही, असे मला वाटते. मेलेले जनावर ओढणे आणि खाणे सोडणे म्हणजे दास्य सोडणे होते. आपल्या आज्या-पणज्या घाणेरडे खात होत्या, अशी कबुली त्यात नव्हती. तरीही चान्यांचा विषय निघाला की शिकलेली मुले विषय बदलतात. ‘आमच्या घरी तसले काही नव्हते’ असे म्हणणारेही भेटतात. जी किळस ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवले त्यांची होती, ती आपण उसनी घेतली आहे. धाराशिव जिल्ह्यातीलच खामगावचे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात चान्या, रक्ती, वजडी इत्यादी पदार्थ कृतींसह नोंदविले. त्यांनी लाज आणि अभिमान दोन्ही बाजूला ठेवून लिहिले, हे त्या पुस्तकाचे मोल होय. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला.

योगायोग असा की, त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रातील प्राणिरक्षण कायद्याची दुरुस्ती अमलात आली. १९७६ च्या मूळ कायद्याने गाईच्या कत्तलीस बंदी होतीच. आता बैल आणि वळूही तीत आले, म्हैसवर्ग तेवढा बाहेर राहिला. स्वस्त मांसाचा एक मोठा वाटा त्यामुळे बाजारातून गेला. चानी घालावयाचीच झाली तर आता ती म्हशीच्या मांसाची. उस्मानाबादी बोकडाचे मटण रोज परवडणारे नाही. मजुरी करणाऱ्या घरांत त्याची जागा बव्हंशी ब्रॉयलर कोंबडीने घेतली आहे, आणि तिला चव नसते अशी तक्रार करणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. वजडी मात्र शहरांतील खानावळींच्या फळ्यावर खास पदार्थ म्हणून झळकू लागली असून, तिच्यासाठी पैसे मोजणाऱ्यांत ज्यांच्या घरी ती पूर्वी कधी शिजली नाही असेही लोक दिसतात.